रविवारनंतरची स्वच्छ हवा

बाबा, काल इथे जर्मनीत, ब्राउनश्वाइगमध्ये दिवसभर धुकं होतं, आणि मी इन्स्टिट्यूटच्या खिडकीजवळ बसून चीनमधल्या एका लहानशा गावाची हवा बघत होते. माझं काम तुम्हाला समजावून सांगायला फार वेळ लागला नसता. आपल्या गावच्या हवामान केंद्रात तुम्ही रोज सकाळी साडेआठला अंगणातल्या पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीपाशी जायचात, आत वाकून तापमान वाचायचात आणि वहीत लिहायचात. मी तेच करते. फक्त माझी पेटी चपलेच्या खोक्याएवढी आहे, ती हजारो किलोमीटर लांब आहे, आणि हवेतल्या धुराधुळीचे आकडे ती आपणहून इथे पाठवते. मी सकाळी आठला कॉम्प्युटर उघडते तेव्हा तिथे दुपारचे तीन वाजलेले असतात.

ती पेटी बसवायला तीन वर्षांपूर्वी मी स्वतः गेले होते. डिसेंबर होता. पोचल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं ते हे, की भर दुपारी सूर्याकडे सरळ बघता येतंय आणि कुणाचीच सावली पडत नाहीये. रस्त्यावर माणूस दिसायच्या आधी त्याचा खोकला ऐकू यायचा. मग धुरातून कोट, टोपी, चेहरा असं एकेक बाहेर यायचं. माझ्याबरोबर तिथल्या विद्यापीठातली सहकारी होती, तीच दुभाषी. ती म्हणाली, "शरद ऋतूत मक्याची ताटं जाळतात, थंडीत कोळसा, वसंतात वाळवंटाकडून पिवळी धूळ येते. पावसाळ्यात मात्र डोंगर दिसतात. तेव्हा ये."

पेटी आम्ही एका निवृत्त शिक्षकांच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या खांबाला बांधली. गाव त्यांना लाओशी म्हणायचं, म्हणजे गुरुजी. ऐंशीच्या घरातले, एकटेच राहायचे. मुलगी दक्षिणेकडे कुठल्या कारखान्यात होती. त्यांनी मला चुलीपाशी बसवून राळ्याची पेज दिली आणि राखेत भाजलेलं रताळं सोलून हातात ठेवलं. वडील काय करतात, असं त्यांनी विचारलं. हवामानाच्या नोंदी करायचे, आता नाहीत, असं मी सांगितलं. ते सहकारिणीला काहीतरी बोलले आणि ती हसली. "ते म्हणतात, पेटी इथे असेपर्यंत मी तिच्याकडे लक्ष ठेवीन. तिने माझ्याकडे ठेवावं."

त्याच वेळी मला तुमची ती सकाळ आठवली. मी अकरा वर्षांची आहे, तुम्ही तापाने फणफणलेले, आणि मला पेटीपर्यंत जायचा कंटाळा आलाय. मी कालचाच आकडा अर्ध्या अंशाने कमी करून लिहिते. तुम्ही अंथरुणातूनच वही मागवता, बघता, तो आकडा लाल रेघेने खोडता. "न पाहिलेलं लिहायचं नाही," एवढंच म्हणता, आणि मग दोन दिवस माझ्याशी बोलत नाही.

इथे परतल्यावर लाओशींचं घर मला आलेखात दिसायला लागलं. पहाटे सहाच्या सुमारास ते चूल पेटवत, की रेषेवर एक उंच काटा यायचा. संध्याकाळी पाचला दुसरा, बुटका. मागे सगळ्या गावाच्या धुराचा जाड पट्टा, आणि त्याच्यावर हे दोन काटे. सण असला की तिसरा यायचा. थंडी वाढली की पहाटेचा थोडा आधी यायचा. कॉफी घेऊन बसले की आधी मी तेच बघायची.

गेल्या जानेवारीत एका सोमवारी काटा नव्हता. रविवारी पहाटेचा होता, रविवारी संध्याकाळचा नव्हता. पेटी चालू होती, गावाचा पट्टा तसाच होता, तापमान उणे चौदा. मी वहीत लिहिलं, स्थानिक हवा स्वच्छ. मंगळवारी पुन्हा काटा नव्हता. मंगळवारी मला कळलं होतं, बाबा. उणे चौदात कोणी चुलीवाचून राहत नाही. बुधवारी आमची मीटिंग होती, तिच्यात मी तो स्वच्छ आलेख पडद्यावर दाखवलासुद्धा. गुरुवारी सहकारिणीला फोन केला.

तिने शेजाऱ्यांना पाठवलं. तासाभराने तिचा फोन आला. "चुलीजवळ पडलेले होते. गावाला वाटलं, मुलीकडे गेले असतील." मग म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, पडल्यावर लगेच गेले नसावेत."

अंत्यविधी झाला, घराला कुलूप लागलं. त्यानंतर अकराव्या दिवशी पहाटे काटा आला. तेवढाच उंच, त्याच वेळी. दुसऱ्या दिवशीही. माझ्या प्रोफेसरांनी खांद्यावरून बघितलं. "अच्छा, शेजारचा धूर असेल. काढून टाक." पण शेजाऱ्यांचं धुराडं पलीकडच्या बाजूला आहे आणि वारा त्या दिवसांत इकडून तिकडे होता. मी सहकारिणीला परत पाठवलं. कुलूप गंजायला लागलं होतं. तिने किल्ली आणवली, आत गेली आणि मला फोटो पाठवला. चूल थंडगार, राखेवर दव गोठलेलं. "पेटी दुसरीकडे हलवू का?" तिने विचारलं. मी नको म्हटलं. मार्चमध्ये थंडी सरली, गावातल्या उबेसाठीच्या चुली विझल्या, पिवळी धूळ आली, तेव्हा तो काटाही गेला. आकडे मी काढले नाहीत. समोर 'कारण माहीत नाही' असं लिहून ठेवले आहेत.

मे महिन्यात लाओशींच्या मुलीचं पत्र आलं, सहकारिणीने इंग्रजीत करून पाठवलेलं. वर्षश्राद्धासारखं काहीतरी करतात ते, त्यासाठी तिला तारीख हवी होती. कागदावर गुरुवार लिहिलाय, पण तो खरा नाही हे तिला ठाऊक होतं. तुमच्या यंत्रात कळतं का, तिने विचारलं होतं. मी कळवलं: शेवटची चूल रविवारी पहाटे पेटली, संध्याकाळची पेटली नाही. तिने उलट आभार मानले. वडील जेवले असतील का, हा प्रश्न तिला छळत होता म्हणे. निदान सकाळची पेज झाली असेल.

त्याच पत्रात खाली एक ओळ होती. ते आकडे त्या दिवसांत कोणी बघत होतं का?

हे सगळं मी तुम्हाला लिहिते आहे कारण तुम्ही उत्तर देणार नाही, आणि हे कुठे पाठवायचंही नाही. मी तिला लिहिलं, आमच्याकडे आकडे आठवड्यातून एकदाच उघडतात, गुरुवारी.