पाठीतली सुई अन् मराचा पार्ट

दिघोरी,
दिवाळीनंतरच्या मंडई-जत्रेचा दुसरा दिवस, १९८४

नागपूरच्या डॉक्टर साहेबांले तेजरामचा रामराम.

साहेब, तुमी मले पार बुडवलं. जुनं पोटाचं दुखणं घेऊन आलो, तर तुमी पालथं निजवून पाठीत हातभर सुई खुपसली. म्हणाले, "पोटाची कळ वर नेणाऱ्या नसा कण्यापाशीच असतात, त्यांनाच गप्प करतो." गप्प झाल्या ना!

पण आमच्या गावच्या नाटकात विष पिऊन मरणारा बाप मीच. ऐन प्रवेशात खरीखुरी कळ ये, मी गडबडा लोळत होतो, अन् पब्लिक 'वन्स मोर' म्हणून मले पुन्हा मराले लावे. काल मंडईत मी विष प्यालो, मेलो, तं समोरची एक बाई म्हणते, "थकला वाटते बिचारा, निजला." मॅनेजर हिरालालनं पडद्यामागंच सांगितलं, "पुढच्या खेळापासून तू द्वारपाल."

म्हणून लिहून राहिलो. तुमी म्हणाले होते, काही महिन्यांत असर उतरते, मंग पुन्हा सुई घ्याले ये. मी येत नाही. दुखू द्या.

इथवर लिहिलं अन् आतून घरघर आयकू आली. भर दुपारी घरात डुक्कर शिरलं म्हणून काठी घेऊन धावलो. पाहतो तं रुखमा, माही बायको, निजली होती. लग्न झाल्यापासून रातभर माह्या पोटावर गरम मिठाची पुरचुंडी फिरवत बसे. घोरते, हे मले आज समजलं.

पत्र टाकत नाही, साहेब. असर उतरला का मीच येतो, सुई घ्याले.

तुमचा,
द्वारपाल तेजराम