ओळख देणाऱ्याची सही

आबा, गावातल्या इतक्या घरांची गुपितं पोटात ठेवून तुम्ही सगळ्यांशी इतकं साधं कसं बोलू शकत होता? याचं उत्तर मला येत नाही. तुम्ही होतात तेव्हा विचारायला हवं होतं. पण तुम्ही गेलात तेव्हा मी तेरा वर्षांची होते, आणि माणूस मोठं झालं की हे त्याला आपोआप जमत असेल असं मला वाटायचं. आता तुम्हाला जाऊनही तेरा वर्षं होत आली. मी मोठी झाले, साताऱ्याला मावशीकडे राहून बी.कॉम. झाले, सांगलीत बँकेत लागले, आणि मला ते जमलं नाही.

गावचं पोस्ट आपल्या पडवीत होतं. तुम्हीच पोस्टमास्तर, तुम्हीच पोस्टमन. अर्ध्या घरांतली माणसं पलटणीत, आणि त्यांच्या बायकांना वाचता येत नसे. त्या दुपारी पत्र घेऊन यायच्या, तुम्ही हळू आवाजात वाचून दाखवायचा, त्या सांगतील तसं उत्तर लिहून द्यायचा. मी खांबापाशी खेळत ऐकत असायची. एकदा समोरच्या काकींच्या नवऱ्याला नाईकचा हवालदार केल्याचं पत्र आलं. मला इतका आनंद झाला, की काकी डोक्यावर पदर घेऊन उठायच्या आतच मी पळत जाऊन त्यांच्या सासूला सांगून आले. सासूनं अंगणात सगळ्यांसमोर विचारलं, पगार वाढल्याचं तू माझ्यापासून का लपवतेस. मला वाटलं तुम्ही माराल. तुम्ही मारलं नाही. जवळ बसवून घेतलंत आणि म्हणालात, “बातमी चांगली हाय म्हणून ती तुझी झाली व्हय? तिची हाय ती. कवा सांगायची, कुणाला सांगायची, ते ती ठरवंल.” त्यानंतर कुणी पत्र घेऊन आलं, की तुम्ही नुसतं माझ्याकडे बघायचा आणि मी परसात निघून जायची. त्या बघण्यात राग नसायचा. असता तर बरं झालं असतं.

बँकेत रुजू झाले त्या दिवशी एका कागदावर सही करायला सांगितलं. ग्राहकांची कुठलीही माहिती बाहेर सांगणार नाही, असं त्यावर होतं. बाकीच्यांनी न वाचताच सह्या केल्या. मी दोनदा वाचला आणि मनात म्हणाले, आबा, बघा, आता तुमची लेकही तुमच्याच कामाला लागली. आमची शाखा हळदीच्या पेठेजवळ आहे. ग्राहकांची पासबुकं, नोटा, अगदी माझ्या साडीचे काठसुद्धा पिवळे होतात. शाखेत मी एकटीच बाई. शिस्तीनं काम करायचं, कुणाला बोट ठेवायला जागा द्यायची नाही, असं मी ठरवलं होतं. माझ्या पगारावर घर चालतं आणि धाकटी कॉलेजला जाते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पेठेच्या मागच्या बोळात एक चाचा वह्या-पुस्तकांची बांधणी करायचे. शाळांची पुस्तकं, कचेऱ्यांची दप्तरं, आमच्या बँकेची मोठी खतावण्यांची पुस्तकंसुद्धा त्यांच्याच हातची. दुसऱ्याच्या पुस्तकातलं ते एक अक्षर वाचत नसत. मी एकदा सहज विचारलं, तर म्हणाले, “शिवायला दिलंय, वाचायला न्हाई दिलं.” त्यांच्याकडे कागदाच्या घड्या घालायला एक बाई येत. त्यांचे यजमान शाळेत शिक्षक होते आणि विरोधी पक्षाचं काम करायचे. आणीबाणी लागली आणि त्यांना पकडून नेलं. पेठेत सगळे त्या बाईंना मास्तरीणबाई म्हणत, तसंच मीही इथे म्हणते. यजमानांचा पगार थांबला. नातेवाईक जे थोडंफार पाठवतील ते ठेवायला त्यांनी आमच्याकडे खातं उघडलं. खातं उघडायचं तर बँकेत आधीपासून खातं असलेल्या कुणीतरी, मी या व्यक्तीला ओळखतो, असं सांगून फॉर्मवर सही द्यावी लागते. त्या दिवसांत तुरुंगातल्या माणसाच्या बायकोला ओळखतो असं लिहून द्यायला पेठेतला एकही व्यापारी तयार झाला नाही. चाचांनी दिली. तो फॉर्म मीच भरला होता. सही करताना ते एवढंच म्हणाले, “रोज समोर बसत्यात. न्हाई ओळखत म्हणून कसं सांगू?”

आता त्या दिवसाचं. शहरातले एक पुढारी आमच्या मॅनेजरांकडे अधूनमधून येऊन बसायचे. वर त्यांची ऊठबस होती, म्हणून मॅनेजर स्वतः उठून त्यांच्यासाठी खुर्ची सरकवत. मला आत बोलावलं. पुढाऱ्यांनी हसून विचारलं की मास्तरीणबाईंच्या खात्यात किती जमा आहे, पैसे कुठून येतात. मी म्हटलं, ते मला सांगता येणार नाही. मॅनेजरांचा चेहरा पडला. पुढारी म्हणाले, “बाई शिकलेल्या दिसतात तुमच्या.” मग त्यांनी ओळख देणाऱ्याचं नाव विचारलं आणि मी ते सांगितलं.

नाही, आबा. हे मी आजवर स्वतःलाच असं सांगत आले. त्यांनी नाव विचारलं नव्हतं. ते उठायला लागले होते. जाता जाता म्हणाले, असल्या लोकांची खाती बोगसच असतात. मला ते लागलं. माझ्या हातनं उघडलेलं खातं बोगस कसं असेल? त्या बाईही खोट्या नव्हत्या, आणि त्या बऱ्या घरच्या आहेत हे सांगायची मला घाई झाली. मी म्हटलं, “बोगस नाही, साहेब. आपल्या बाइंडर चाचांनी ओळख दिलीय. जुने खातेदार आहेत.” पुढारी पुन्हा खुर्चीवर बसले. “असं होय,” म्हणाले. त्या दिवशी मी खोलीवर परतले ती खुशीतच. आकडा सांगितला नाही, शपथ मोडली नाही, आणि एका बाईची बाजूही घेतली, असं मला वाटत होतं.

चौथ्या दिवशी चाचांना पोलिसांनी नेलं. दुकानात चोरून पत्रकं बांधली जातात, असा संशय होता. काही सापडलं नाही, तरी अकरा दिवस ठेवलं. सुटून आले तेव्हा शाळांची कामं बंद झाली होती आणि दुकानात मागच्या वर्षीच्या चार वह्या पडल्या होत्या. मग एक दिवस ते काउंटरवर पैसे काढायला आले. चालणं मंदावलेलं. पासबुक माझ्याकडे देत स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, “पोलीस त्या सहीचंच इचारत हुते. तिचं दोघांनाच ठावं हुतं, मला आन् मास्तरीणबाईला. बँकेतनं तर काय भाईर जात न्हाई. मग ऱ्हायलं कोण? तीच बोलली आसंल भिऊन. उद्यापास्नं येऊ नको म्हणून सांगितलं तिला.”

बँकेतनं बाहेर जात नाही. आबा, मी मान खाली घालून पासबुकात नोंद केली, शिक्का मारला आणि पासबुक परत दिलं. माझ्या मागे चार माणसं काम करत होती, समोर रांग होती. त्या क्षणी सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे मी अजून मोजते. नोकरी गेली असती, आई काय म्हणाली असती, धाकटीचं काय झालं असतं. ही कारणं खोटी नव्हती. म्हणूनच ती इतके दिवस पुरली. मास्तरीणबाईंना मी पेठेत हळद निवडताना पाहायची. पदरानं नाक बांधलेलं, भुवयांपर्यंत पिवळ्या झालेल्या. चाचांच्या बोळावरून त्या जात नसत, लांबून वळून जात. आणीबाणी उठली, मास्तर सुटून आले, पेठेत पेढे वाटले गेले. मलाही एक मिळाला. चाचा आणि मास्तरीणबाई यांचं बोलणं मात्र तसंच तुटलेलं राहिलं. वाईट दिवस संपले असं सगळे म्हणायचे, आणि मला कळायचं की त्यातला एक तुकडा माझ्यामुळे उरलाय.

गेल्या रविवारी मी चाचांच्या दुकानात गेले. ते पोथीला दोरा घालत होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, न विचारता सांगितल्याचंही. त्यांनी दोरा ओढला, गाठ मारली. मग म्हणाले, “माझे अकरा दिस गेले ते गेले, पोरी. पर मी तिला दारातनं घालवलं, ते कुणाच्या खात्यावर टाकू?” त्यांनी टोपी घातली आणि म्हणाले, “चल. मला एकट्याला तोंड न्हाई तिच्याकडं जायला.”

मास्तरीणबाई तांदूळ पाखडत होत्या. चाचांना दारात बघून त्या उठल्या, मग पुन्हा बसल्या. मी सांगत होते तोवर सूप थांबलं नाही. झाल्यावर त्या म्हणाल्या, “म्हणजे माझ्या खात्यात चौदा रुपये होते, ते मात्र कुणाला कळू दिलं नाहीस. फार जपलंस हो मला.” मी रडले, त्या रडल्या नाहीत. चाचांना त्यांनी बसायला पाट दिला. मला नाही दिला. ते बरोबरच होतं. मी निघाले तेव्हा आतून चाचांचा आवाज येत होता, आणि थोड्या वेळानं मास्तरीणबाईंचाही आला.

हे दोघं एकमेकांशी बोलले म्हणजे माझी सुटका झाली, असं मला वाटून घ्यायचं नव्हतं. म्हणून सोमवारी मी जे घडलं ते तारीखवार लिहून काढलं. मॅनेजरांचं आणि पुढाऱ्यांचं वागणंही लिहिलं, आणि माझं वाक्य जसं होतं तसं अवतरणात घातलं. मॅनेजरांनी अर्ज वाचला आणि हळूच म्हणाले, “जुनं झालं ते आता. कशाला उकरताय? तुमच्यावरच येईल.” मी म्हटलं, माझ्यावर यावं म्हणूनच लिहिलंय. एक प्रत शाखेत दिली, दुसरी मुख्य कचेरीला रजिस्टर केली. पावती माझ्याकडे आहे. चौकशी होईल, नोकरी राहील की जाईल, मला ठाऊक नाही.

हे पत्र रविवारच्या आधी लिहायला मला धीर झाला नव्हता. तुम्हाला तोंड दाखवण्याजोगं काहीतरी हातात असावं, असं वाटत होतं. आता ते असूनही फारसं हलकं वाटत नाही. शनिवारी मी गावी जाणार आहे. आईला मी अजून यातलं काहीच सांगितलेलं नाही.