मुलींच्या स्वच्छतागृहाचे कुलूप काढण्याबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी मॅडम,
प्राथमिक शाळा विभाग.

विषय : मुलींचे स्वच्छतागृह शाळेच्या वेळेत उघडे ठेवण्याबाबत.
संदर्भ : माझा मागील अर्ज व त्यावर आलेले "मुतखडा ही वैयक्तिक बाब आहे" हे आपल्या कार्यालयाचे उत्तर.

महोदया,

मी घरी शिलाईकाम करते. माझी थोरली मुलगी तिसरीत आहे. आपल्या तपासणीसाठी शाळेने मुलींचे स्वच्छतागृह चकाचक केले आणि ते घाण होऊ नये म्हणून त्याला कुलूप घातले. मुलीने करंगळी दाखवली की बाई म्हणत, "घरून उरकून यायला काय होतं गं?" वर्ग हसे. शेवटी तिने पाणी पिणेच सोडले. बाटली रिकामी घरी येई म्हणून मला संशय आला नाही. पाणी ती शाळेच्या कुंडीत ओतत होती.

पुढे कंबरेत कळा येऊ लागल्या. "नाटकं बंद कर" म्हणून बाईंनी तिला बाकावर उभे केले, आणि त्याच दिवशी आपण वर्गात आलात. "ही का उभी?" असे आपण विचारल्यावर "गृहपाठ नाही केला, मॅडम" असे बाईंनी सांगितले. नंतर आपल्यासाठी कुलूप काढण्यात आले. आपण रुमालाने हात पुसत बाहेर आलात, ते मुलीने बाकावरून पाहिले.

संध्याकाळी ती तापाने फणफणली. खड्याने लघवीची वाट अडून आत पू झाला होता. डावे मूत्रपिंड काढावे लागले. मी मुख्याध्यापकांना भेटले असता ते म्हणाले, "ताई, दुसरं शाबूत आहे ना? देवानं दोन उगाच दिलीत का? आणि कुलपाचं म्हणाल, तर ते वरून ठरतं."

म्हणून आपणांस लिहीत आहे. माझी धाकटी याच शाळेत पहिलीत जाणार आहे. जवळपास दुसरी शाळा नाही. कुलूप कायमचे काढणे नियमात बसत नसेल, तर आपण रोज मधल्या सुट्टीत शाळेस भेट द्यावी. बसण्याची तसदी नको. आपले हात धुऊन होईपर्यंत मुली भराभर उरकून घेतील.

हा अर्ज पुरा करीत असतानाच शाळेच्या शिपायाने थोरलीचे प्रशस्तिपत्र आणून दिले. तास चालू असताना एकदाही वर्गाबाहेर न गेल्याबद्दल तिला शिस्तीचे पहिले बक्षीस मिळाले आहे. ते पाहून धाकटीने हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला आहे. तरी कृपया त्वरा करावी.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
अर्जदार (मुलींची आई)
सही/-
दिनांक : आजचा

सोबत : शस्त्रक्रियेचा दाखला.