लाँचवरचं मेर्सी

दास बेट, अबूधाबी
नोव्हेंबर १९६४

शहरबानूस जहूरचा सलाम पोहोचो.

मी खुशाल आहे. थंडी सुरू झाली, त्यामुळे लाँचच्या पत्र्यावर आता पाय भाजत नाहीत. खोकला गेल्यातच जमा आहे. अम्मांचा गुडघा कसा आहे?

आमच्या लाँचवर समुद्राची खोली मोजणारा एक फ्रेंच साहेब आहे. चहा दिला की मेर्सी, दोर हातात दिला की मेर्सी. मेर्सी म्हणजे आभार. मी विचारलं, हा शब्द आला कुठून? तो म्हणाला, फार जुन्या काळी त्याचा अर्थ मजुरी होता. पुढे तो दया झाला, कृपा झाला, आणि आता नुसते आभार उरले. मी म्हटलं, आमच्यात घरच्या माणसाचे आभार मानत नाहीत, परक्याचे मानतात. त्याला नवल वाटलं.

त्याच दुपारी तुझं पत्र आलं. गावी आलेल्या गनीभाईंबरोबर मी पाठवलेलं कापड तुला मिळालं, "आपली आभारी आहे," एवढंच तू लिहिलं आहेस. पुढे सही.

मागच्या खेपेला रंग आवडला नव्हता, तेव्हा तू दोन पानं भरून मला बोलली होतीस. ती पानं अजून माझ्या पेटीत आहेत. या वेळचा रंगही बहुतेक चुकलाच असेल. तसं असेल तर सरळ लिही.

आणि आवडला असला, तरी काहीतरी चूक काढून लिही.

अम्मांना सलाम, पोरांना दुआ.

तुझा,
जहूर