सिरॅक्यूजच्या रीव्हजला आलेली बहिणीची पत्रं

फिलाडेल्फिया, ३ सप्टेंबर १८५२

चि. मनासेस थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

सिरॅक्यूजचे कुणी एनॉस रीव्हज गुलामगिरीविरुद्ध भाषणं देतात, असं चर्चमध्ये आलेल्या वर्तमानपत्रात वाचलं. मेरीलंडमधल्या चॉपटँक नदीकाठचा मळा, मालकाने मोडलेली डावी करंगळी, अठराव्या वर्षी पळ. नाव काही असो, करंगळी आमचीच आहे.

माझ्या नवऱ्याने, लेव्हिनने, मला सोडवून आणलं त्याला सहा वर्षं झाली. आई म्हातारी, कामाची उरली नाही म्हणून मालकाने तिला गेल्या वर्षी सुटकेचा कागद देऊन सोडलं. ती माझ्याकडेच असते. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. तुझं नाव काढल्याशिवाय तिचा दिवस जात नाही. लवकर येऊन जा, लेव्हिन स्टेशनावर घ्यायला येईल.

तुझी डायसी

सिरॅक्यूज, ११ सप्टेंबर

श्रीमती डायसी यांस स. न. वि. वि.

आपण कोण हे मला ठाऊक नाही, तेव्हा आशीर्वाद तूर्त आपल्यापाशीच ठेवावेत. नवा कायदा झाल्यापासून पळून आलेल्याला कुठूनही बेड्या घालून नेता येतं. माझ्या एका मित्राला बायको आजारी असल्याचं पत्र आलं. तो गेला, तर स्टेशनावर मालकाची माणसं उभी होती. त्यामुळे मी ताकही फुंकून पितो. माझ्या बहिणीला अक्षरओळख नव्हती, आपलं अक्षर सुबक आहे. शिवाय स्टेशनावर घ्यायला येण्याची एवढी हौस कशाला?

खरी बहीण असाल तर सांगा, चोरून प्रार्थना करायच्या वेळी आई दारात काय ठेवायची?

कळावे. लोभाचं काय ते उत्तर आल्यावर पाहू.

एनॉस रीव्हज

फिलाडेल्फिया, १८ सप्टेंबर

चि. मनासेस, दिलेले आशीर्वाद मी परत घेत नसते. वि. वि.

काय पण प्रश्न काढलास! लोखंडी हंडा, उपडा, आवाज त्यात शिरावा आणि मालकाच्या कानी जाऊ नये म्हणून. हे मेरीलंडपासून जॉर्जियापर्यंत प्रत्येक झोपडीत चालायचं. अशी परीक्षा मालकाचा मुकादमसुद्धा पास होईल. खरं ते ऐक. काठीचा टेकू देऊन हंड्याची कड उचललेली असायची, आणि पाच वर्षांचा तू एकदा त्यात डोकं घालून झोपलास. आई म्हणाली, सगळ्यांची प्रार्थना या एकट्याच्याच पोटात गेली. तीच आता गावोगाव बाहेर पडत असावी.

लिहायला मी चर्चच्या शाळेत शिकले, चाळिशीत, पोराटोरांत बसून. सुबक अक्षर हाही गुन्हा झाला म्हणायचा.

आता तू सांग. त्याच वर्तमानपत्रात छापलंय, भाषणात तू म्हणतोस, आई वारली. ती इथे समोर शेंगा सोलते आहे. जिवंत आईला मारणारा तू माझा भाऊ, की त्याची गोष्ट चोरून टाळ्या घेणारा कुणी? लेव्हिनला हाच संशय आहे, आणि आता मलाही.

डायसी

सिरॅक्यूज, २५ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

हंड्याचं पुन्हा पुन्हा वाचलं. मळ्याचं नाव सांगितलं नाही, तर गोरे श्रोते म्हणतात, एवढं नीट बोलणारा हा गुलाम नव्हताच. ते सांगावंच लागतं. मग आई वारली असंही सांगतो. मालकाला वाटावं, याच्या लेखी आई नाहीच, मग तिला छळून वा गळाला लावून उपयोग नाही.

तरीही मी येणार नाही. ही आठवण कुणी चाबूक दाखवून तुझ्याकडून काढून घेतली नसेल कशावरून? लिहिताना लाज वाटते, पण भीती लाजेहून मोठी आहे.

ताई असशील, तर लोभ तुटू देऊ नकोस.

मनासे

फिलाडेल्फिया, २ ऑक्टोबर

चि. मनासेस अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. मला वाटलं रडेल, तर ती हसली. म्हणाली, कागदावर विश्वास ठेवू नको हे मीच त्याला शिकवलं, येतो म्हणाला असता तर माझा पोरगा मानला नसता.

आता तीच निघाली आहे. आम्ही नको नको म्हणतोय, ती सुटकेचा कागद छातीशी बांधून बसली आहे. गुरुवारी, सात तारखेला, दुपारच्या गाडीने आम्ही दोघी तिथे पोचू.

तू पुढे येऊ नकोस. लांब उभा राहून आमच्या मागे कुणी आहे का ते बघ. ओळख पटली नाही, किंवा पटूनही धीर झाला नाही, तर तसाच घरी जा. आम्ही तासभर बाकावर बसू आणि परतीची गाडी धरू. रागावणार नाही. आई म्हणते, त्याने मला पाहिलं म्हणजे झालं, मला तो दिसला नाही तरी चालेल.

लोभ होता, आहे.

डायसी