मधली भिंत काढलेली बोट लेकीच्या नावे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, बोटींच्या गाद्या आणि पडदे शिवून संसार केलेली विधवा, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने वा भिडेने नव्हे, स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितले आहे. अक्षर वाकडे आले असेल तर दोष वयाचा. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम एक. टेकडीवरचे घर, जे मी हल्ली क्वचितच उघडते, सामानासह माझ्या मुलास मिळावे. त्याने ते विकावे की ठेवावे, यात बहिणीने लक्ष घालू नये. मागच्या खोलीचे छप्पर गळते. आईने सांगितले नाही, असे त्याने मागाहून म्हणू नये.

कलम दोन. शिवणयंत्र आणि सर्व कापड सुनेस. ती माझ्याकडून शिकली नाही, आपली आपण शिकली, आणि माझ्यापेक्षा सुबक टीप घालते. हे येथे लेखी देते.

कलम तीन. धक्क्याला बांधलेली जुनी मोटारबोट, आतील प्रत्येक वस्तूसह, माझ्या लेकीस, एकटीला. मुलाचे म्हणणे, बोट विकून दोघांत वाटणी करावी. चाकांच्या खुर्चीतली बाई एकटी पाण्यावर कशी राहणार? तो मायेपोटी बोलतो, हे मला कळते. म्हणूनच कारण सविस्तर लिहिते.

ही बोट मोडीत जायची होती. माझे यजमान इंजिनांचे कारागीर; त्यांनी ती हट्टाने घरी आणली, म्हणजे धक्क्यावर आणली. आत शिरले की कपाटात शिरल्यासारखे वाटे. काड्यापेटीएवढ्या खोल्या, अंग चोरून जावे लागेल असा बोळ, पायऱ्या उतरून खाली अंधारात स्वयंपाकघर, आणि सुकाणूचे चाक उंच चौथऱ्यावर. त्याच सुमारास लेकीला अपघात झाला आणि तिचे पाय गेले. दवाखान्यातून आल्यावर ती खिडकीत बसून पाण्याकडे बघत राही. एके दिवशी तिने विचारले, "बाबा, बोटीचं काय झालं?"

"आहे तशीच आहे. तू आत मावत नाहीस गं."

"मग मी मावेन अशी करा."

दुसऱ्या दिवशी हे पहार घेऊन निघाले.

तिची खुर्ची हीच आमची मोजपट्टी. ती घरात वळे, मागे सरे, गोल फिरे, आणि हे फरशीवर चाकांभोवती खडू ओढत. मग बोटीतल्या खोल्या निघाल्या, फळ्यांचे अस्तर निघाले, आणि आत बोटीच्या फासळ्या दिसल्या. एकीसारखी दुसरी नाही. प्रत्येकीचे वळण निराळे, नाकाकडे निमुळते होत गेलेले, जणू एखादा प्रचंड जीव श्वास रोखून बसला आहे आणि आपण त्याच्या छातीत उभे आहोत. ह्यांनी डोक्यावरची टोपी काढली. मी हातातली कात्री खाली ठेवली.

भांडण झाले मधल्या भिंतीवरून. माझे धाकटे दीर बोटींचे सुतार. ते म्हणाले, "वहिनी, ही भिंत नाही, खांब आहे. वरचा सगळा डेक हिच्यावर उभा आहे. काढलीत तर पहिल्या मोठ्या लाटेला बोट खाली बसेल."

"पण खुर्ची पलीकडे जाणार कशी?" हे म्हणाले.

"नाही जाणार. सगळंच कसं होईल, दादा?"

शब्दाने शब्द वाढला. या बोटीत पाय ठेवणार नाही, असे म्हणून भावजी निघून गेले. त्यांचे म्हणणे खरे होते, म्हणूनच ह्यांनी भिंतीच्या जागी कमान उभारली. पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून, वाकवून, शिकंज्यात आवळून. सरस लेक लावी, शिकंजे मी आवळी. स्वयंपाकघर वर खिडकीशी आले, पायऱ्यांच्या जागी उतार आला, आणि सुकाणू खुर्चीतल्या माणसाच्या हाताशी येईल इतके खाली आले. धक्क्याचे मुकादम बघून हसले, "हे काय, पोरखेळ मांडलाय का?"

बोट पुन्हा पाण्यात उतरवली तेव्हा कमान कर्रकन वाजली. आम्ही एकमेकांकडे पाहिले. मग ती शांत झाली. लेकीने मागच्या दारातून खुर्ची सोडली ती न थांबता थेट नाकापर्यंत. पाण्यावरचे ऊन छतावर नाचत होते. त्या जुन्या, अंधाऱ्या बोटीत एवढा उजेड मावत होता, हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हते.

मुलगा त्या वेळी परगावी होता, म्हणून पुढचे त्याने नीट वाचावे. आम्ही तिघे बेटावरून परतत होतो. वारा अचानक फिरला. बंदराच्या तोंडाशी लाटा उभ्या राहिल्या, आणि हे छाती धरून सुकाणूशेजारीच कोसळले.

"आई, बाबांना बाजूला घे. मला जागा दे!"

मी ह्यांना ओढले. लेकीची खुर्ची सुकाणूशी लागली. एक हात चाकावर, एक इंजिनाच्या दांड्यावर. बोट लाटेवर चढली आणि आदळली. कमान कण्हली, पण हलली नाही. मी ओरडले, "अगं, घे ना आत!"

"थांब. ही लाट जाऊ दे. हीसुद्धा."

तिचा आवाज भाजी निवडत असावी इतका शांत होता. मग तिने दांडा पुढे लोटला. दोन्ही बाजूंना खडकांवर पाणी फुटत होते आणि आम्ही मधून, सुईत दोरा जावा तसे, आत गेलो. ह्यांचे डोके माझ्या मांडीवर होते. डोळे उघडे होते, तिच्या पाठीकडे. "बघ," एवढेच म्हणाले. मी बघतच होते. ही माझ्या पोटची, पण ती केवढी आहे हे मला त्या दिवशी कळले.

धक्क्यावर दोर झेलला तो भावजींनी. भावाला उचलायला ते शपथ विसरून आत आले, आणि जाताना कमानीवर तळवा टेकून उभे राहिले. "दादा, धरली रे हिने," म्हणाले आणि रडले. हे त्यानंतर पुष्कळ वर्षे जगले.

तर ती पाण्यावर कशी राहणार, याचे उत्तर हे आहे.

कलम चार. ह्यांच्या हत्यारांतले हवे ते भावजींनी घ्यावे. रंधे मागू नयेत, ते लेकीचे आहेत. रुसणे आता पुरे.

कलम पाच. मुकादमांस माझ्याकडून काही नाही. फक्त त्यांनी एकदा आत येऊन त्या सुकाणूशी बसावे. गुडघे आपटतील. आपटू द्यावेत.

कलम सहा. लेकीने बोटीत वाटेल तो बदल करावा. आईबाबांची आठवण म्हणून एकही फळी राखू नये. काल ती बोटीतल्या माझ्या पलंगामागची भिंत बोटांनी ठोकून पाहत होती. विचारले, तर ओशाळून म्हणाली, "इथे मोठी खिडकी होईल, आई. पण तू आहेस तोवर थांबते."

मी तिला सांगितले तेच येथे लिहून ठेवते. थांबू नकोस. मलाही बघायचे आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोन्ही साक्षीदारांपुढे मोठ्याने वाचला, आणि त्यांच्यासमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर केली.

सही : लिहून देणार, लेकीची आणि लेकाची आई
साक्षीदार : (१) डॉक्टरीणबाई, सही. (२) धक्क्यावरचे क्रेनचालक, सही.
ठिकाण : बोटीतील जेवणाचे टेबल, खिडकीशी
दिनांक : ११ मार्च, सकाळी, भिंत पाडायला सुरुवात होण्यापूर्वी