दादाच्या रेकॉर्डमागचा टोपीवाला

३ मार्च
दादाची नवी अ‍ॅसिड हाऊस, म्हणजे क्लबात नाचायची, रेकॉर्ड आली — मास्टरिंगला, छापायच्या आधी आवाज शेवटचा घासूनपुसून द्यायला, नेहमीसारखी माझ्याकडेच. बेस असला वळवळतोय की खुर्चीत बसवेना! पण हाय-हॅटची, ड्रमच्या त्या जोडझांजेची, चट्‌-चट्‌ कुठेय? फोन केला. "आहे की गं!" एवढंच. चौदा वर्षं याच्या रेकॉर्डवर शेवटचा हात माझा, आणि मलाच अर्धवट फाइल? खरी दुसऱ्या कुणाकडे गेलीये, दुसरं काय!

५ मार्च
चट्‌-चट्‌ यावी म्हणून वरचे सूर मीच चांगले चढवून पाठवले. पाच मिनिटांत उत्तर — "मस्त!" एरवी हा माणूस केसाएवढ्या फरकासाठी आठवडाभर माझं डोकं खातो. कुठेतरी पाणी मुरतंय.

९ मार्च
न सांगता गेले त्याच्याकडे. वहिनीने दार उघडलं आणि तिचं तोंडच उतरलं. आत दादाच्या टेबलाशी तो टोपीवाला — सगळ्यांची मास्टरिंगची कामं पळवतो तो! स्पीकरवर आमचीच रेकॉर्ड. मला बघून पटकन बंद. "सहज आला होता," म्हणे. सहज! वर माझ्यासमोर खुर्ची ओढून दादा एकेक शब्द मोठ्याने, सावकाश बोलायला लागला.
"ओरडतोस काय? बहिरी आहे का मी?"
 वहिनी उगाच पाणी आणायला उठली.

१० मार्च
बोलणार नाही त्याच्याशी. बस्स.

२४ मार्च
कारखान्यातून पहिली तबकडी आली. लावली — पुन्हा चट्‌-चट्‌ गायब! टोपीवाल्याने माझ्या कामावर बोळा फिरवला! नवऱ्याला साक्षीला बोलावलं. ही तबकडी लावली तर हा भांडी पुसता पुसता नाचायलाच लागला. मग माझी फाइल लावली. दोन्ही कानांवर हात! "बंद कर गं! सुया टोचतायत!"
मला तर आत्ता कुठे ती चट्‌-चट्‌ ऐकू यायला लागली होती.
कामात मी पडद्यावर आवाजाच्या रेघा दाखवणाऱ्या मीटरकडे कधीच बघत नाही, कानांचा अपमान वाटतो. आज बघितलं. तबकडी पुन्हा लावली. वरच्या सुरांत, मला काहीच ऐकू येत नाही तिथे, रेघा उड्या मारतायत.


२५ मार्च
दादाला फोन केला. माझ्याआधी तोच रडला. "सांगायची हिंमतच होत नव्हती गं." कानाच्या डॉक्टरची वेळ घेऊन ठेवलीये, सोबत येणार आहे.
मग कव्हर वाचलं. मास्टरिंग — माझं नाव. सगळं काम करूनही टोपीवाल्याने स्वतःचं लावूच दिलं नाही म्हणे.